वाचकांचे प्रश्न : बायबल पेटीत, किल्ली कमांडरकडे

प्रश्न : ताई, आमच्या वाचन ग्रुपमध्ये 'द हँडमेड्स टेल'वरून चांगलीच जुंपली. निम्मे म्हणतात हे पुस्तक सरळसरळ धर्मविरोधी आहे, निम्मे म्हणतात छे, ते बायकांच्या हक्कांचं पुस्तक आहे, धर्म नुसता मागे पडद्यासारखा आहे. तुम्ही कोणाच्या बाजूने? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोणाच्याच नाही, दोन्ही गटांनी माझ्यावर चिडायचं असेल तर चिडा. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या या १९८५ च्या कादंबरीत अमेरिकेतलं सरकार उलथवून गिलियड नावाचं राज्य आलंय, मुलं जन्माला येणं खूप कमी झालंय, म्हणून ज्यांना मूल होऊ शकतं अशा बायकांना पकडून 'हँडमेड' करतात आणि बड्या अधिकाऱ्यांच्या, म्हणजे कमांडरांच्या, घरी ठेवतात. आधार काय, तर राहेलची गोष्ट. तिला मूल होत नाही म्हणून ती आपली दासी बिल्हा नवऱ्याला देते. ही गोष्ट बायबलमध्ये खरोखर आहे, 'उत्पत्ती' या त्यातल्या पहिल्या पुस्तकाचा तिसावा अध्याय, कोणी रचलेली नाही. दर महिन्याच्या त्या 'विधी'च्या आधी कमांडर घरातल्या सगळ्यांसमोर ती मोठ्याने वाचतो.

आता यात 'वाचतो' या गोष्टीकडे नीट बघा, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. एरवी ते बायबल पेटीत कुलूपबंद असतं, किल्ली कमांडरकडे, आणि बायकांना वाचायलाच बंदी, इतकी की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं पुसून नुसती चित्रं ठेवलीत. हँडमेडना तयार करायच्या सेंटरमध्ये जेवताना टेप लावतात, त्यात येशूची वचनं, अमुक ते धन्य, तमुक ते धन्य, आणि मधेच येतं 'जे गप्प ते धन्य'. नायिकेला, म्हणजे अशाच एका हँडमेडला, पक्कं कळतं की हे घुसडलंय, शिवाय काही वाक्यं गाळलीत हेही कळतं, पण तपासणार कुठे? पुस्तक तर पेटीत. त्याहून कहर म्हणजे 'प्रत्येकीकडून तिच्या कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे' हे वाक्य त्यांच्याकडून रोज घोकून घेतात आणि सांगतात की सेंट पॉलचं, म्हणजे बायबलमधलंच आहे. मूळ वाक्य कोणाच्या नावावर प्रसिद्ध आहे? कार्ल मार्क्सच्या, १८७५ सालचं, फक्त त्यात बाई-पुरुष घालून फिरवलंय! म्हणजे धर्मराज्य म्हणवणाऱ्यांनी कम्युनिस्टांचं वाक्य उचललं आणि कोणाला पत्ताही नाही. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात काळा विनोद हाच.

धर्मविरोधी म्हणणाऱ्या गटाला एवढंच सांगा की गिलियडमध्ये भिंतीवर ज्यांची प्रेतं टांगलेली असतात त्यात कॅथलिक पाद्रीही आहेत, बॅप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती लोक सरकारशी लढतायत, पळून जाणाऱ्या बायकांना क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक घरात लपवतायत, आणि नायिका स्वतः रात्री खोलीत तिच्या तिच्या शब्दांत प्रार्थना करते. उलट कमांडरांच्या बायका फोनवरून प्रार्थनेची ऑर्डर देतात, आरोग्याची एक, पैशाची एक, मग मशीन ती छापतं आणि रिकाम्या दुकानात स्वतःच बडबडत बसतं. यातला धार्मिक माणूस कोण ते तुम्हीच ठरवा.

आणि पडद्यासारखा म्हणणाऱ्यांसाठी १८०७ सालची एक खरी गोष्ट. त्या वर्षी लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. त्यात जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, सुमारे ९० टक्के मजकूर गाळलेला, इजिप्तच्या गुलामीतून इस्राएली लोक सुटतात ती गोष्ट गायब, पण दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे मात्र जागच्या जागी. अ‍ॅटवुडबाईंनी स्वतःला नियमच घालून घेतला होता की इतिहासात कुठे ना कुठे घडून गेलं नाही असं काहीच पुस्तकात घालायचं नाही. तेव्हा धर्म काढून घेतलात तर गिलियड उभंच राहत नाही, फक्त तो कोणाच्या हातात आहे आणि कोणाला बघायलाही मिळत नाही एवढं विचारत राहायचं.

प्रश्न : जॉर्ज ऑरवेलच्या कादंबऱ्यांत तर देवधर्म कुठेच नाही, सगळी पार्टी आणि विचारसरणी. मग त्या आणि 'हँडमेड्स टेल' एकाच माळेत कशा ओवता? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कुठेच नाही कसं? 'अ‍ॅनिमल फार्म'मध्ये प्राणी क्रांती करून शेताच्या मालकाला हाकलतात आणि मग डुकरंच राज्य करू लागतात, त्यातला मोझेस नावाचा कावळा विसरलात काय. तो प्राण्यांना सांगत फिरतो की मेल्यावर खडीसाखरेच्या डोंगरावर जायचंय, तिथे आठवड्याचे सातही दिवस रविवार. क्रांतीनंतर तो निघून जातो, काही वर्षांनी परत येतो, आणि डुकरं काय करतात? सगळं खोटं आहे म्हणून नाक मुरडतात, पण त्याला राहू देतात, वर रोज थोडी बिअरही देतात. काम न करता. ऑरवेलने यावर पुढे एक शब्द लिहिलेला नाही, गरजच नाही ना.

आणि क्रांतीनंतर भिंतीवर लिहिलेले ते सात नियम, ती या डुकरांची पोथीच. 'कुठलाही प्राणी पलंगावर झोपणार नाही', मग पुढे गुपचूप जोडलं 'चादर घालून'. क्लोव्हर घोडीला शंका येते पण तिला धड वाचता येत नाही, ती म्युरिएल शेळीला वाचायला लावते, आणि शेळी जे लिहिलंय तेच वाचणार. एका रात्री शिडी मोडून स्क्विलर, डुकरांचा प्रचारक, खाली पडलेला सापडतो, बाजूला ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा, तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही, अपवाद म्हातारा बेंजामिन गाढव, आणि तो तोंड उघडत नाही. मला पुस्तकात सगळ्यात जास्त राग याच गाढवाचा येतो.

ऑरवेलच्याच '१९८४'मध्ये तर पार्टीचा बडा अधिकारी ओब्रायन नायक विन्स्टनचा छळ करता करता स्वतःच म्हणतो की आम्ही सत्तेचे पुजारी आहोत. विरोधकांचं जे गुप्त पुस्तक विन्स्टन जीव मुठीत धरून वाचतो तेही आपणच मिळून लिहिलं असं हाच सांगतो. अजून एक बारीक गंमत, म्हणजे गंमत कसली, अँपलफोर्थ नावाचा कवी तुरुंगात येतो कारण किपलिंगच्या कवितेत एका ओळीशेवटी त्याने 'गॉड' हा शब्द राहू दिला. यमक 'रॉड'शी जुळवायचं होतं आणि अख्ख्या इंग्रजीत त्याला जुळणारे बाराच शब्द, बिचारा काय करणार!

प्रश्न : 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये सगळे मजेत असतात, मग त्यात दडपशाही कसली? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : हक्सलीच्या या १९३२ च्या कादंबरीत क्रॉसचा वरचा तुकडा कापून त्याचा टी केलाय, मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा, आणि लोक 'आमचा फोर्ड' म्हणून शपथा घेतात. बारा-बारा जण गोल बसून सोमा नावाची नशेची गोळी घेऊन भजनासारखं गातात. मजेत आहेत खरे. पण मुस्तफा मोंड हा बडा अधिकारी आपली तिजोरी उघडतो तेव्हा आत काय निघतं, बायबल. तो ते निवांत वाचतो, बाकीच्यांना असं काही असतं हेच माहीत नाही. गिलियडमध्ये निदान पेटी डोळ्यांसमोर तरी असते.

प्रश्न : आपल्या देशात घडणारं असं काही आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : प्रयाग अकबर यांची 'लैला', २०१७ ची इंग्रजी कादंबरी, भिंती घालून जातीजमातींत वाटलेलं शहर आणि हरवलेल्या मुलीला शोधणारी आई. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली, पण आधी पुस्तक वाचा.

बाकी पोथी कोणी वाचायची हा वाद आपल्याला कादंबरीतून शिकायला नको. वेदाचा अधिकार नाकारलेल्या तुकोबांनी 'वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वहावा भार माथां' असं ठणकावलं, तेही सतराव्या शतकात. कमांडरने हे ऐकलं असतं तर पेटीला दुसरं कुलूप लावलं असतं.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, कुठून सुरुवात करू? (एक आई, लातूर)

उत्तर : 'अ‍ॅनिमल फार्म'. छोटं आहे, गोष्ट म्हणूनही भारी आहे. मग '१९८४', त्यातला शेवटचा छळाचा भाग जड जातो, तेव्हा आधी तुम्ही वाचून ठेवा. 'हँडमेड्स टेल'मध्ये लैंगिक हिंसा आहे, ते अजून दोन-तीन वर्षांनी दिलेलं बरं. तिने तुमच्या कपाटातून आपणहून काढून वाचलंच तर मात्र रागावू नका हं, विषय काय चाललाय ते बघा!