अकादमीतल्या पोरासाठी आधी जागा रिकामी करावी लागते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने दर उन्हाळ्यात कोट्यवधी पौंड ओतून खेळाडू आणण्यापेक्षा आपल्या अकादमीतलीच, म्हणजे क्लबच्या प्रशिक्षण शाळेतली, पोरं वर आणावीत का, आणि तसं केलं तर किताब मिळतील का? माझं उत्तर 'हो' आहे. पण 'वर आणणं' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पदार्पण येतं, आणि तिथेच गफलत होते. लीग कपच्या सामन्यात ऐंशीव्या मिनिटाला उतरवलं, क्लबने त्याचा हसरा फोटो टाकला, एवढ्याने पोरगं वर येत नाही. त्याच्यासाठी संघातली एक जागा मोकळी करावी लागते आणि मोकळी ठेवावी लागते. त्याचे दोन सामने वाईट गेले तरी तिथे दुसरा कुणी विकत आणायचा नाही. हे ज्याला जमतं त्याचीच अकादमी खरी.

१९९५ चं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. त्या उन्हाळ्यात युनायटेडचे तेव्हाचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी तीन पक्के खेळाडू जाऊ दिले. पॉल इन्स इंटरला गेला, मार्क ह्यूज चेल्सीला, आंद्रेई कांचेल्स्कीस एव्हर्टनला. मधली फळी, पुढची फळी, उजवी बगल, तिन्हीकडे एकदम खिंडार. चाहते चिडले. शहरातल्या सायंदैनिकाने तर फर्ग्युसनना ठेवावं का यावर वाचकांचा कौल घेतला. तरी त्यांनी त्या जागांवर एकही मोठं नाव आणलं नाही. इन्सच्या जागी निकी बट, कांचेल्स्कीसच्या जागी बेकहॅम, ह्यूजच्या जागी बऱ्याचदा स्कोल्स, तिघेही अकादमीतले. १९ ऑगस्टला पहिलाच सामना ॲस्टन व्हिलाकडे ३-१ ने गेला आणि माजी खेळाडू ॲलन हॅन्सन टीव्हीवर म्हणाले की पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. पुढच्या मे महिन्यात युनायटेडकडे लीगही होती आणि एफए कप ही बाद फेरीची स्पर्धाही.

आता उरलेली अर्धी गोष्ट. हॅन्सन पूर्ण चुकले नव्हते. त्या पोरांच्या मागे गोलमध्ये श्मायकेल उभा होता. त्याच्या पुढे बचावात ब्रूस, पॅलिस्टर, अर्विन. मधे कीन. आणि आठ महिन्यांची बंदी संपवून ऑक्टोबरमध्ये परतलेला कँटोना, ज्याने त्या वसंतात एकामागून एक सामने एकट्याच्या गोलवर काढून दिले. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला चूक करायची मुभा तेव्हाच मिळते, जेव्हा ती चूक निस्तरणारा कुणीतरी मागे असतो. त्यामुळे 'सगळी पोरंच खेळवा' असं जे म्हणतात त्यांच्याशीही माझं जमत नाही. मोठ्या पैशाने काय घ्यायचं तर हे मागचे खांब घ्या. पोरगं ज्या जागेवर येऊ घातलंय, ती जागा सोडा.

ही गोष्ट मी पुस्तकी सांगत नाही. मी कोल्हापूरचा. इथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पोरगं ज्या तालमीच्या दारात वाढतं तिचाच शर्ट अंगात घालायचं स्वप्न बघतं, आणि शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ त्याला बघायला येते. गेली बारा वर्षं मी सोळा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. माझ्या हाताखालचा एक डावखुरा मुलगा (डाव्या पायाचा म्हणायला हवं, पण आमच्यात असंच म्हणतात) एका संघाने वर घेतला. नाव घेत नाही. अख्खा मोसम तो बाकावर होता. प्रत्येक सामन्यात मध्यंतर झालं की तो बुटांच्या नाड्या सोडायचा, पुन्हा ओढून बांधायचा आणि प्रशिक्षकाकडे बघायचा. मी समोरच्या गॅलरीतून हे बघत होतो. मोसमाच्या शेवटी डाव्या बगलेतला खेळाडू जायबंदी झाला तेव्हा मला वाटलं, आता. संघाने चार सामन्यांसाठी बाहेरून खेळाडू आणला. तो आला, खेळला, महिन्यात निघूनही गेला. पुढच्या जूनमध्ये मुलाच्या आईचा फोन आला: सर, तो शिरोलीला फौंड्रीत लागलाय, शिफ्टमुळे सरावाला येणं व्हायचं नाही.

युनायटेडमध्ये हेच झालंय, फक्त रकमा मोठ्या. पॉल पोग्बाचं बघा. सोळाव्या वर्षी ल हाव्रहून आलेला, २०११ चा यूथ कप, म्हणजे क्लबांच्या युवा संघांची स्पर्धा, जिंकलेला. ३१ डिसेंबर २०११ ला ब्लॅकबर्नविरुद्ध मधल्या फळीत माणसंच उरली नव्हती, तेव्हा फर्ग्युसन यांनी तिथे राफाएल या बचावपटूला पार्क जी-सुंगच्या जोडीला उभं केलं. सामना घरच्या मैदानावर ३-२ ने गेला. निवृत्त झालेल्या स्कोल्सला आठ दिवसांतच परत बोलावलं. पोग्बा बाकावरून हे बघत होता. उन्हाळ्यात तो जवळपास फुकटात युव्हेंटसला गेला आणि २०१६ मध्ये त्यालाच परत आणायला युनायटेडने ८.९ कोटी पौंड मोजले, तेव्हाचा जागतिक विक्रम. पोरांना जागा करून देण्यात फर्ग्युसन यांच्याइतका मोठा माणूस झाला नाही, असं मी मानतो. त्यांच्याही हातून हे सुटलं.

डॅनी वेलबेकचं मला जास्त लागलं. मँचेस्टरचाच मुलगा, लहानपणापासून क्लबमध्ये. सप्टेंबर २०१४ मध्ये, ट्रान्स्फर खिडकी (खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत) बंद होताना, त्याला १.६ कोटी पौंडांना आर्सेनलला विकलं आणि त्याच सुमाराला गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठलेल्या स्ट्रायकर फाल्काओला लोनवर, म्हणजे उसना, आणलं. फाल्काओचे लीगमध्ये चार गोल झाले. मार्चमध्ये वेलबेक आर्सेनलकडून ओल्ड ट्रॅफर्डवर आला आणि त्याच्याच गोलने युनायटेड एफए कपबाहेर गेलं.

याउलट जे वर आले ते कसे आले? रॅशफर्डला कुणी योजना आखून आणलं नाही. २५ फेब्रुवारी २०१६ ला डेन्मार्कच्या मिट्युलँडविरुद्ध सामन्याआधीच्या सरावातच स्ट्रायकर मार्शियाल जायबंदी झाला आणि दुसरा स्ट्रायकर शिल्लक नव्हता. मुलाने दोन गोल केले, तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध आणखी दोन. जागा अपघाताने मोकळी झाली, इतकंच. मला राहून राहून वाटतं, मार्शियालचा पाय त्या दिवशी ठीक असता तर? अशी किती पोरं त्या एका अपघाताची वाट बघत वय वाढवून बसली असतील.

तुम्ही त्या जुन्या विक्रमाचाही उल्लेख केलाय, की ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या संघात अकादमीतला किमान एक खेळाडू आहे. मला त्या विक्रमाचा अभिमान आहे. पण त्यात बाकावरचाही धरतात, म्हणून त्यावरून फार काही ठरवू नका. मी मिनिटं मोजतो.

आणि एका गोलवरही ठरवू नका. २००९ मध्ये सतरा वर्षांच्या माकेडाने व्हिलाविरुद्ध शेवटच्या क्षणी वळवून मारलेला गोल आठवला की अजून अंगावर काटा येतो, त्या गोलने लीग वाचवली. पुढे तो युनायटेडमध्ये टिकला नाही. त्याच्या पुढे रूनी, तेवेज, बर्बाटोव्ह होते, जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर खेळही तेवढा नव्हता. हेही मान्य करायला हवं. दहा पोरांतली आठ त्या पातळीची नसतात. कधी शरीर साथ देत नाही. बेन थॉर्नली बेकहॅम-स्कोल्स यांच्याच १९९२ च्या सोनेरी तुकडीतला, पण १९९४ मध्ये राखीव संघाच्या सामन्यात गुडघा गेला आणि तो पूर्वीसारखा झाला नाही. जागा द्या म्हणजे कायमची द्या असं मी म्हणत नाही. पारखण्याइतका वेळ द्या, तीस-चाळीस सामने, आणि मग नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा.

पैशाचं गणित सध्या उलट्या दिशेने ओढतंय, ते थोडक्यात. सहा कोटींना घेतलेल्या खेळाडूचा पाच वर्षांचा करार असेल तर ती किंमत त्या वर्षांत वाटली जाते, म्हणून हिशेबाच्या वहीत दरवर्षी सव्वा कोटीच्या आतच खर्च दिसतो. अकादमीतल्या मुलाची वहीतली किंमत शून्य, म्हणून तो विकला की सगळी रक्कम त्याच वर्षी नफा. प्रीमियर लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांत त्यामुळे घरचाच मुलगा आधी बाजारात जातो. चेल्सीने मेसन माउंट आणि कॉनर गॅलाघर असेच विकले. युनायटेडने स्कॉट मॅकटॉमिनेला, जो पाचव्या वर्षापासून क्लबमध्ये होता, ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे अडीच कोटी पौंडांना नापोलीला दिलं. त्याने पहिल्याच मोसमात लीगमध्ये बारा गोल केले, शेवटच्या दिवशी कॅलियारीविरुद्ध हवेत झेपावून कात्री मारून गोल केला, नापोली विजेते झाले आणि तो सेरी आचा, म्हणजे इटलीच्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. वहीत तो व्यवहार फायद्याचा आहे. मधल्या फळीतली ती जागा भरायला त्यानंतर किती खर्च झाला, हे मात्र त्या ओळीत कुठे दिसत नाही.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की मोठ्या क्लबला हरायची मुभा नसते, पोरं चुकली तर काय. व्हिलाकडे ३-१ ने हरल्यानंतर चारच दिवसांनी, २३ ऑगस्टला, ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट हॅमचा सामना होता. अख्खा देश हॅन्सनचं वाक्य बोलत होता. फर्ग्युसन यांनी पोरांना काढलं नाही. युनायटेड २-१ ने जिंकलं. एक गोल कीनचा होता, दुसरा स्कोल्सचा.