वाचक विचारतात : ‘तुमच्या लोकांनी हे काय चालवलंय?’

प्रश्न : मी ठाण्यात राहणारा बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. जन्म इथलाच, आजोबा अलिबागकडचे. गाझाचं युद्ध सुरू झाल्यापासून सोसायटीतले एक गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, “तुमच्या लोकांनी हे काय चालवलंय?” मी इस्रायलला कधी गेलेलोसुद्धा नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज येतं की सगळी माध्यमं ज्यूद्वेष्टी आहेत, पेपर बंद करा. मुलगा म्हणतो, इस्रायलवर टीका झाली की लगेच ज्यूद्वेषाचा आरोप करायची सवयच लागली आहे. त्या गृहस्थांना काय सांगू? आणि पेपर वाचू की नको?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लिफ्टमधलं आधी घेते, कारण तिथे मला तिळमात्र शंका नाही. इस्रायलच्या नेतान्याहू सरकारबद्दल तुमचं मत त्यांनी विचारलं असतं, तर त्या गप्पा झाल्या असत्या. ते तुमच्याकडे जाब मागताहेत, आणि तो फक्त तुम्ही ज्यू आहात म्हणून.

ज्यूद्वेष कशाला म्हणायचं यावर अभ्यासकांत कडाक्याचा वाद आहे. होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृतीसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आयएचआरएनं, २०१६ मध्ये एक व्याख्या स्वीकारली. तिचा वापर टीकाकारांची तोंडं बंद करायला होतो, असं म्हणणाऱ्या विद्वानांनी २०२१ मध्ये ‘जेरुसलेम जाहीरनामा’ काढला. झायनवादाला, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं या विचाराला, विरोध हा ज्यूद्वेष ठरतो का, यावर दोघांचं पटत नाही. मात्र इस्रायलच्या कृत्यांसाठी सरसकट ज्यूंना जबाबदार धरणं हा ज्यूद्वेष, हे दोन्हींत आहे. आणि इतर कुठल्याही देशावर करावी तशी टीका इस्रायलवर करणं हा ज्यूद्वेष नव्हे, हेही दोन्हींत आहे. म्हणजे मुलाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. त्या गृहस्थांना शांतपणे एवढंच सांगा, की इस्रायलच्या सरकारला मी मत दिलेलं नाही. माझं मत ठाण्याच्या मतदारयादीत आहे. ते मनानं वाईट असतील असं नाही. पण तुम्ही ऐकून घेत राहायचं काही कारण नाही.

आता पेपरचं. मी वर्षानुवर्षं रात्रपाळीत परदेशाचं पान लावलं आहे. इस्रायलची बातमी वाकडी कशी होते ते मी जवळून पाहिलं, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्यामागे द्वेष नसतो, घाई असते. पान सोडायची वेळ झालेली असते, एजन्सीच्या कॉपीत एक मोठा आकडा येतो आणि तोच मथळ्यात जातो.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला. तेव्हा गाझावर सत्ता असलेल्या हमासच्या अखत्यारीतल्या आरोग्य मंत्रालयानं सांगितलं, इस्रायलचा हवाई हल्ला, ५०० ठार. न्यूयॉर्क टाइम्सनं हल्ला इस्रायलचाच असल्याचा मथळा दिला. ‘असं पॅलेस्टिनी म्हणतात’ ही जोड शेवटी. इस्रायल म्हणालं, ते इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेचं भरकटलेलं रॉकेट. मंत्रालयाचा आकडा पुढे ४७१ झाला. अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३०० होता. सुरुवातीच्या बातम्या हमासच्या दाव्यांवर फार विसंबल्या, असं टाइम्सच्या संपादकांनी सहा दिवसांनी छापलं. ह्यूमन राइट्स वॉच इस्रायलवर कडक टीका करणारी संस्था. तिलाही नोव्हेंबरमध्ये पुरावे भरकटलेल्या रॉकेटकडेच बोट दाखवणारे वाटले. वाद पुरता मिटलेला नाही, हेही सांगते. पण त्या रात्री ट्युनिशियातल्या एल हम्मा गावात जमावानं जुन्या सिनेगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आग लावली आणि पहाटे बर्लिनमध्ये एका सिनेगॉगवर पेट्रोल बॉम्ब फेकले गेले. बर्लिनचं कृत्य मथळ्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण मथळ्यातली घाई कुठल्या दारापर्यंत जाऊ शकते, हे डेस्कवरच्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

उघड द्वेषाचं उदाहरणही त्याच वृत्तपत्राचं आहे. एप्रिल २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत व्यंगचित्र आलं : नेतान्याहू कुत्रा, गळ्यात दाविदाचा तारा हे ज्यूंचं चिन्ह, आणि त्याच्यामागे आंधळे ट्रम्प, डोक्यावर ज्यूंची टोपी. ज्यू जगाला मागून चालवतात ही युरोपातली जुनी विखारी समजूत त्यात जशीच्या तशी होती. टाइम्सनं माफी मागितली. नेतान्याहूंच्या धोरणावर आसूड ओढायला ना तारा लागतो, ना टोपी.

तरीही ग्रुपवरचं ‘सगळी माध्यमं’ मला अजिबात मान्य नाही. परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेलं नाही. तिथून बातमी आली ती पॅलेस्टिनी पत्रकारांमुळे, आणि या युद्धात मारल्या गेलेल्या पत्रकारांत बहुसंख्य तेच आहेत. त्यांनी दाखवलेल्या मृत लेकरांना ‘ज्यूद्वेष’ म्हणून बाजूला सारणं मला माणुसकीला सोडून वाटतं. आपल्या देशात तर ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलच्या बाजूनं जुने, भलतेच व्हिडिओ ढिगानं फिरले. त्यातल्या कित्येकांचा रोख इथल्या मुसलमानांवर होता. ज्यूंच्या काळजीनं कोणी ते पाठवत नव्हतं.

कसोटी दोन्हीकडे एकच लावा. मार्च २०२५ मध्ये गाझातल्या रफाहजवळ इस्रायली सैन्याच्या गोळीबारात १५ बचाव आणि मदत कर्मचारी मारले गेले. त्यांच्या गाड्या दिवे न लावता संशयास्पद येत होत्या, असं सैन्य म्हणालं. मग मृतांपैकी एकाच्या मोबाइलमधलं चित्रण बाहेर आलं, त्यात दिवे लागलेले होते, आणि सैन्याला आपलं म्हणणं बदलावं लागलं. अल-अहलीला हमासचा शब्द पुरेसा नव्हता, तसा इथे सैन्याचाही नव्हता.

म्हणून पेपर वाचा, बंद करू नका. आकडा कोणी दिला ते पाहा, चार दिवसांनी तीच बातमी पुन्हा शोधा. दुरुस्ती आली नसेल तर संपादकांना पत्र लिहा : तारीख, पान, नेमकं काय चुकलं, बस. ‘तुम्ही ज्यूद्वेष्टे आहात’ असं सुरू झालेलं पत्र डेस्कवर कोणी पुरतं वाचत नाही. चुकलेला आकडा दाखवणारं पत्र मी वाचत असे आणि मुख्य उपसंपादकांच्या टेबलावर नेऊन ठेवत असे.