जी-६-पीडीचा ‘नॉर्मल’ अहवाल आणि प्रायमाक्विन : आमचा अनुभव

आपल्या ७ वर्षांच्या मुलाला व्हायवॅक्स हिवताप (मलेरियाचा एक प्रकार) झाला, यकृतात दडलेल्या परजीवींवरील प्रायमाक्विन या गोळीच्या तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, म्हणून गोळी थांबवली आणि आता जी-६-पीडीचा (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा) अहवाल ‘नॉर्मल’ आल्याने उरलेल्या गोळ्या द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. ते वाचून राहवले नाही, कारण नेमक्या अशाच अहवालावर विसंबून आम्ही मुलाचा जीव धोक्यात घातला होता. मी डॉक्टर नाही आणि निर्णय आपल्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. परंतु पुढचे सारे त्यांच्या कानावर घातल्याखेरीज ती गोळी पुन्हा सुरू होऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या मुलाचे रक्त लघवी काळी झाल्यानंतर पाचव्या दिवशी घेतले होते. अहवाल ‘नॉर्मल’ आला, घरी सोडतानाच्या कागदावर ‘कावीळ’ असे लिहिले गेले आणि आम्ही निर्धास्त झालो. पाच महिन्यांनी यकृतात दडून राहिलेल्या परजीवींमुळे ताप उलटला, तेव्हा तोच अहवाल मी स्वतः डॉक्टरांपुढे ठेवला आणि त्याच्या भरवशावर १४ दिवसांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तिसऱ्या सकाळी मी लघवी काचेच्या पेल्यात धरून खिडकीशी नेली, तर पेल्यापलीकडची बोटे दिसेनात. या वेळी त्याला रक्त चढवावे लागले.

कारण आम्हाला फार उशिरा समजले. जी-६-पीडीची कमतरता असलेल्या माणसात हे विकर म्हाताऱ्या तांबड्या पेशींत सर्वांत कमी असते आणि औषधाने आधी त्याच फुटतात. मागे उरतात त्या तरुण आणि नव्याने तयार झालेल्या पेशी, ज्यांच्यात ते तुलनेने बरे असते. म्हणून पेशी फुटण्याच्या काळात किंवा रक्त चढवल्यानंतर लगेच केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे साधारण तीन महिन्यांनी, आणि केवळ ‘आहे-नाही’ न सांगता विकराचे प्रमाण आकड्यात देणारी तपासणी पुन्हा करावी. आमच्या मुलाची कमतरता तेव्हाच उघड झाली. त्यानंतर त्या रुग्णालयाला मी तीनदा विनंती केली, की निदान जुन्या कागदावर ‘ही तपासणी विश्वासार्ह नाही’ एवढे तरी लिहून द्या; “अहवाल आहे तो आहे,” एवढेच उत्तर मिळाले. याचा राग अजून जात नाही, कारण तो कागद उद्या दुसऱ्या कोणा डॉक्टरांच्या हाती पडू शकतो.

‘असे रक्त असलेल्यांना मलेरिया होत नाही’ असे आपल्याला कोणी सांगितले आहे, त्यावरही विसंबू नये. या विकराविना तांबडी पेशी ऑक्सिडीकरणाचा ताण सोसू शकत नाही. परजीवी शिरला की ती लवकर खिळखिळी होते आणि प्लीहा तिला वेळेआधीच बाजूला काढते. त्यामुळे हिवतापाच्या जुन्या प्रदेशांत या कमतरतेचे जनुक टिकून राहिले, आणि भारतात सापडणाऱ्या त्याच्या एका प्रकाराच्या ‘केरळ-कल्याण’ या नावात तर आपले कल्याण शहर आहे. पण हे संरक्षण अर्धवट असते, आणि पेशीच्या ज्या दुबळेपणामुळे ते मिळते, त्यावरच प्रायमाक्विनचा घाव बसतो. सिकलसेलचेही लोक असेच सरसकट बोलतात. तिथे संरक्षण मिळते ते एकच जनुक असलेल्या वाहकाला, प्रत्यक्ष रुग्णाला मात्र हिवताप जिवावर बेततो.

हे जनुक मुलाला आईकडून येते, म्हणून माहेरी विचारावे. माझ्या भावाला जन्मतः कावीळ होऊन रक्त बदलावे लागले होते आणि माझा मुलगा जन्मानंतर काविळीमुळे पाच दिवस निळ्या दिव्याखाली होता. या दोन गोष्टी आम्हाला कोणी विचारल्या नाहीत आणि आम्हीही सांगितल्या नाहीत. घरातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकाव्यात, कारण नॅप्थलीननेही याच पेशी फुटतात. कमतरता ठरलीच, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे प्रायमाक्विन देण्याची पद्धत आहे. तिच्याविषयी त्यांना अवश्य विचारावे.

लघवी अजून गडद असेल, तर हे सगळे बाजूला ठेवून आजच हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आमच्याकडे ते ११.२ वरून ६.४ वर यायला दोनच दिवस लागले होते.