तिसऱ्या पानावरचे १३.४२

बाय,

तुझी नऊ पानं दोनदा वाचली. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातल्या म्हादई नदीच्या पाणीतंट्यावर एवढं वाचलंस, टिपणं काढलीस, लेख लिहिलास आणि आठ महिने फोनमध्ये झाकून ठेवलास. वर मलाच विचारतेस, "सर, अजून किती अभ्यास केला म्हणजे लिहायचा अधिकार येतो?" वाचून आधी माया आली, मग राग. राग तुझ्यावर कमी, माझ्यावर जास्त. हाच प्रश्न स्वतःला विचारता विचारता मी निवृत्त झालो.

तिसरं पान काढ. 'लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी वळवायला दिलं' असं तू लिहिलंयस (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). दिलं हे खरं, पण सगळं वळवायला नव्हे. म्हादई जलतंटा लवादाच्या १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात त्यातलं ८.०२ जलविद्युतेसाठी आहे. ते वापरून पुन्हा नदीत सोडायचं. उरलं ५.४. त्यातलं दीड खोऱ्यातच वापरायचं. खोऱ्याबाहेर कर्नाटकातल्या मलप्रभा नदीकडे जायचं ते ३.९, कळसा नाल्याचं १.७२ आणि भांडुरा नाल्याचं २.१८. गोव्याचे २४ आणि महाराष्ट्राचे १.३३ तू बरोबर घेतलेस.

मला हे आधीपासून ठाऊक होतं असं समजू नकोस. चहाच्या टेबलावर 'तेरा टीएमसी पळवणार' म्हणून मीही कित्येक वर्षं आवाज चढवलाय, आणि समोरच्यांनी माना डोलावल्यात. बोलताना कोण बेरीज तपासतो? तुला उत्तर लिहायला बसलो, आकडे एकाखाली एक मांडले, तेव्हा घोळ दिसला.

३.९ म्हणजे किरकोळ, असं मात्र नाही हं. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३० कोटी लिटर. ते कुठल्या महिन्यात वळवणार? मार्च-एप्रिलात नदीत मुळात असतं किती? मग खारं पाणी कुठवर चढणार? तुझा लेख खरा इथून सुरू होतो. आठ महिन्यांपूर्वी तो बाहेर टाकला असतास तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी, बहुधा उर्मटपणेच, ही चूक दाखवली असती आणि एव्हाना तू या प्रश्नांवर पोचली असतीस. मांड, मग कळतं. उलट्या क्रमाने मी करून बघितलंय, त्याचं काय झालं ते सांगतो.

१९८९ साली आमच्या खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातल्या, मानशीवर (बांधातल्या पाणदारावर) राखणीला असलेल्या एका म्हाताऱ्याकडे मी लागोपाठ चार रविवार बसलो. पाण्यात बोट बुडवून तो जिभेला लावायचा आणि भात लावायला अजून किती पाऊस पडायला हवा ते सांगायचा. मी वहीत उतरवून घेत होतो. बांधाची रुंदी, मातीचे थर, मानशीच्या दाराचं चित्र, कोरगुट भात खारटाणीत कसं तग धरतं ते. वही सुरेख झाली. 'आणखी थोडं जमलं की छापू' म्हणून कपाटात ठेवली. म्हातारा गेला. २००४ मध्ये बांधाला भगदाड पडलं तेव्हा मोठ्या तोऱ्यात मी ती वही एका कुळाला दाखवली. तो हसायलाच लागला. "मास्तर, दार शेताच्या बाजूला उघडलं तर भरतीला अख्खी नदी आत येईल!" बरोबरच होतं. दार नदीच्या अंगाला उघडतं. भरती स्वतःच त्याला दाबून बंद करते आणि सुकतीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. त्या दारासमोर चार रविवार बसून मी ते उलटं काढलं होतं, आणि पंधरा वर्षं ते तसंच कपाटात राहिलं. दार एक वेळ सुधारता आलं. वहीत आणखी काय काय उलटं आहे, ते सांगायला आता माणूस नाही.

त्याच वहीत मानशीच्या पावणीबद्दलही, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या लिलावाबद्दलही होतं. जास्त मासळी मिळावी म्हणून भरतीला दार उघडं ठेवायचं, खारं पाणी शेतात घ्यायचं, कुळांनी बोंब मारत बसायचं. तेवढं तरी त्याच वेळी लिहायला हवं होतं. पण पावणी घेणारा आमच्याच कुटुंबातला, शाळेच्या समितीवरचे लोक त्याच वाड्यावरचे, आणि माझ्या दोन मुली शिकत होत्या. भित्रा म्हण हवं तर. माझ्या जागी दुसरा असता तर त्यानेही... असो. हे मी तुला पटवतोय की मला, कोण जाणे.

माझ्या वडिलांचं वेगळं होतं. पोर्तुगीज अमदानीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे, ते दिवस त्यांनी काढलेले; त्यामुळे छापील भांडणाचं त्यांना अप्रूप. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मी नऊ वर्षांचा. वडील कट्टर विलीनीकरणवादी, तरी 'राष्ट्रमत' दैनिक हातात आलं की त्यातलं विरुद्ध बाजूच्या उदय भेंब्रेंचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर आधी वाचायचे. चहा निवून जायचा. मग विलीनीकरणाच्या बाजूचा 'गोमंतक' उघडून त्याला उत्तर शोधायचे. गंमत बघ, महाराष्ट्रात जाऊ नका हे सांगणारं पत्रही मराठीतच. वडिलांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. पण ३४,०२१ मतांनी आपण कशामुळे हरलो, ते त्यांना मुद्देसूद सांगता यायचं. दोन्ही बाजू चारचौघांत मांडल्या गेल्या होत्या म्हणून. तुझी नऊ पानं कोणाला मुद्देसूद खोडता येतील? मला एकट्याला. आणि मी तर तेरा टीएमसीवाला.

तुझे बाकीचे प्रश्न. मराठीत की कोकणीत? हा वाद मिटायची वाट बघशील तर म्हातारी होशील. पानं मराठीत सुचली, विषय संपला. कुठे? पेपरला पाठव, नाहीतर स्वतःचा ब्लॉग काढ. मला त्यात काडीचा फरक वाटत नाही, फक्त खाली लोकांना उत्तर देता आलं पाहिजे. टोपणनावाने? नको. टोपणनावाला शिव्या द्यायला लोक येतात, चूक समजावून सांगायला कोणी येत नाही. मैत्रीण म्हणते लोक तुटून पडतील. पडतील की. त्यातल्या एकाला तरी ८.०२ चा आकडा ठाऊक असेल, तेवढा उचल आणि बाकीचं सोडून दे.

आणि दुरुस्ती करताना १३.४२ पुसून टाकू नकोस. त्यावर रेघ मार, शेजारी ३.९ लिही, तारीख घाल. चूक झाली ती दिसू दे.

रविवारपर्यंत लेख बाहेर पडलेला बघायचाय मला. पुन्हा 'अजून थोडा अभ्यास' म्हणालीस तर फोन ठेवून देईन. मानशीवर मी चार पानं लिहिलीत, तीही सोबत पाठवतो. तुझ्याबरोबर तीही बाहेर जाऊ देत. दाराचं जुनं चित्र त्यात तसंच ठेवलंय, शेताकडे उघडणारं, त्यावर लाल रेघ मारून.

तुझा,
मास्तर