कंसातली ओळ

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे आणि शाळेकडून 1500 मीटर धावते. तिची वेळ 5 मिनिटे 12.4 सेकंद होती, ती आता 5 मिनिटे 31.8 सेकंदांवर गेली आहे. ती सतत चिडते, रात्री रडते, पहाटे सरावाला उठत नाही, विचारले तर ‘मला काहीच वाटत नाही’ एवढेच म्हणते. (पाळीही बहुधा पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आलेली नाही, पण सर म्हणतात खेळाडू मुलींचे असे होतेच.) विभागीय स्पर्धेला सहा आठवडे उरले आहेत, शिवाय क्रीडा सवलतीच्या गुणांचा प्रश्न आहे. तिला मनाने खंबीर करील असा नाशिकमधला समुपदेशक सुचवावा.
— एक आई, गंगापूर रोड

उत्तर : मुलीची धावण्याची वेळ तुम्ही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहिली आहे आणि तिच्या पाळीसाठी ‘बहुधा’ हा शब्द वापरून ती ओळ कंसात टाकली आहे. पत्रात माझ्या दृष्टीने महत्त्वाची ओळ तेवढीच आहे.

सर मैदानाचे जाणकार असतील, परंतु पाळी बंद होणे हे कसून सराव केल्याचे लक्षण आहे, असे त्यांना ज्याने सांगितले त्याने चुकीचे सांगितले. त्यांच्या अज्ञानापेक्षाही, स्वतः इतकी वर्षे हे चक्र अनुभवलेल्या तुम्ही ते मुकाट मान्य केलेत, याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर मुलगी खेळाडू असो वा नसो, तिला डॉक्टरांकडे न्यायचे असते. कारण थायरॉइडचे किंवा आणखी कशाचे असू शकते, ते तपासणीतच कळेल. मात्र धावणाऱ्या मुलींमध्ये नेहमी आढळणारे कारण साधे आहे : पळण्यात जेवढे खर्च होते, तेवढे पोटात जात नाही. मग शरीर काटकसर करू लागते आणि मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात. पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटते आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढले. चिडचिड, उदासी, लक्ष न लागणे आणि कामगिरी खालावणे या गोष्टीही तिच्यात येतात. तुमचे पत्र आता पुन्हा वाचून पाहा.

सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून मुलींच्या धावण्याचे या शहराला कौतुक आहे आणि ते असायलाच हवे. परंतु ‘हलकी असेल तर पळेल’ हे वाक्यही मी इथल्या मैदानांवर इतक्यांदा ऐकले आहे की, तुमच्या मुलीला ते कोणी ऐकवले का, हे तिला विचारावे असे मला वाटते. विचारताना काट्यावर उभी करू नका. डब्यातली पोळी कोण खाते, याचीही आडून चौकशी नको. तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा.

समुपदेशक तिला नक्कीच हवा, पण तुम्ही मागितलात तसा नव्हे. सहा आठवड्यांत वीस सेकंद परत मिळवून देणारा माणूस शोधणे म्हणजे तिच्या दुखण्यालाही वेळापत्रक लावणे आहे. ज्यांनी किशोरवयीन मुलांसोबत काम केले आहे आणि ज्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे, असे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निवडा. फोनवर या दोन्ही गोष्टी विचारण्यात संकोच करू नका. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञांची चौकशी करा. ती आत बोलत असताना तुम्ही बाहेर बसा, आणि परतताना ‘काय बोललीस?’ असे विचारू नका.

आज रात्री मात्र एक प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल : ‘तुला जगणे नकोसे वाटते का?’ असे विचारल्याने तो विचार मुलांच्या डोक्यात शिरत नाही, उलट तो असलाच तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले किंवा ती नुसतीच गप्प राहिली, तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच क्षणी 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तिने स्वतःला इजा करण्याचे ठरवले आहे असे दिसले, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

याच आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ते परवानगी देईपर्यंत सराव बंद ठेवा. सरांना हे तुम्ही स्वतः सांगा, तिच्याकरवी निरोप पाठवू नका. विभागीय स्पर्धा हुकली तर हुकू द्या, सवलतीच्या गुणांवाचून दहावी अडत नाही.

तपासणीला जाताना सेकंदांचे आकडे घरीच राहू देत. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो मागच्या पाळीच्या तारखेचा, आणि तिथे ‘बहुधा’ चालणार नाही. तारीख मुलीला विचारा, तिला ती पाठ असेल.