पुण्यात दोघंही नोकरी करतो. पाळणाघराच्या फीसाठी सरकारकडून काही मदत मिळते का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही खासगी नोकरीत आहात, लेक दोन वर्षांची आहे आणि पाळणाघराला महिन्याला ९ हजार जातात. फीचे पैसे सरकारकडून खात्यात येतील अशी योजना तुमच्यासाठी नाही. खाली प्रतिसादांत कुणीतरी मातृवंदना आणि लेक लाडकी या योजना सुचवेलच. पहिली बाळंतपणाच्या वेळची, दुसरी पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांची. पाळणाघराशी दोन्हींचा काडीचा संबंध नाही.

पैसे सुटले तर ते कंपनीकडूनच सुटतील. मी एका कारखान्यात पगारपत्रकं करतो, त्यामुळे हा विषय रोजच्या कानावरचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलं की ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. बरेच एचआरवाले 'आपल्याकडे तेवढ्या बायका नाहीत' म्हणून विषय मिटवतात. ते ३० पेक्षा जास्त बायकांच्या जुन्या कारखाना कायद्यातल्या आकड्यावर अडकलेले असतात. इथे बायका वेगळ्या मोजायच्या नाहीत, सगळे मिळून ५० झाले की पुरे.

सोय म्हणजे कंपनीच्याच आवारात पाळणे टांगायला हवेत असं नाही. चार कंपन्यांनी मिळून केलेलं चालतं, जवळच्या खासगी पाळणाघराशी करार केलेला चालतो. गोम अशी की फी कोणी भरायची हे कायद्यात लिहिलेलं नाही. त्यामुळे कुठे कंपनी सगळी भरते, कुठे अर्धी, कुठे नुसता करार करून हात झटकते.

तुमच्या (म्हणजे बाळाच्या आईच्या) कंपनीत विचारा, आणि तोंडी नको, मेलवर. 'भत्ता द्या' असं लिहिलंत तर ते पगारवाढीच्या ढिगात जाऊन पडेल. 'आपल्या कंपनीची पाळणाघराची सोय कुठे आहे आणि फीमध्ये कंपनीचा वाटा किती आहे?' एवढंच विचारा. याचं उत्तर द्यायला कुणाला तरी कायदा उघडून बघावा लागतो. सोबत अजून दोघीतिघींच्या सह्या मिळाल्या तर फारच छान, एकटीला टोलवणं सोपं असतं.

आता पावती. तुमचं पाळणाघर प्ले-स्कूलही चालवत असेल तर '९,००० मिळाले' अशी एकरकमी पावती घेऊ नका. शिकवणीची फी वेगळी आणि सांभाळण्याचे पैसे वेगळे लिहून मागा, खाली शिक्का आणि सही. प्ले-स्कूल आणि नर्सरीची ट्यूशन फी प्राप्तिकराच्या ८०सी कलमात वजावटीला चालते (नव्या प्राप्तिकर कायद्यात तेच कलम १२३), दोन मुलांपर्यंत. सांभाळण्याचे, जेवणाचे, व्हॅनचे आणि डोनेशनचे पैसे चालत नाहीत. मार्चमध्ये आमच्याकडे अशा मोघम पावत्यांचा गठ्ठा येतो आणि तसाच परत जातो. पण हे फक्त जुन्या करपद्धतीत, आणि पीएफ व घरकर्जाच्या मुद्दलानेच या कलमाची दीड लाखांची मर्यादा भरली असेल तर याचा उपयोग शून्य. आधी तेवढा हिशोब करा, मग पाळणाघरवाल्यांशी वाद घाला.

दोघांपैकी कोणी केंद्र सरकारी नोकरीत असता तर नर्सरीपासून दर मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे शिक्षण भत्ता मिळाला असता. खासगीत विसरा.

राहता राहिली 'पाळणा' योजना. २०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आई नोकरी करते की नाही हे न बघता. आधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत तर महिना १२ हजारांच्या वर कमावणाऱ्या कुटुंबालाही फी फक्त २०० रुपये होती! अर्थात तुमच्या घराजवळ असं केंद्र असेलच या भरवशावर नोकरीच्या वेळा ठरवू नका. साधी अंगणवाडी काही तासांची, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे मुख्यतः घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ नाही. तरी भागातल्या अंगणवाडी सेविकेला किंवा पर्यवेक्षिकेला विचारून घ्या. जवळपास 'पाळणा' असेल तर त्यांनाच आधी माहीत असतं. वेळ संध्याकाळी किती वाजेपर्यंत हेही तेव्हाच विचारा.