रद्द केलेल्या मागण्या परत का येतात?

प्रश्न : आमच्या आंबा-विक्रीच्या नोंदी कॅसान्ड्रामध्ये (एकच माहिती अनेक सर्व्हरांवर ठेवणारी डेटाबेस प्रणाली) रत्नागिरी, मालवण आणि अलिबाग येथील तीन सर्व्हरांवर, प्रत्येकी एक प्रत अशा ठेवल्या आहेत. पावसात मालवणचा सर्व्हर पंधरवडाभर बंद होता. तो सुरू होताच रद्द केलेल्या मागण्या पुन्हा दिसू लागल्या.

उत्तर : कॅसान्ड्रामध्ये नोंद लगेच पुसली जात नाही, तिच्यावर ‘टूमस्टोन’ ही खूण ठेवली जाते आणि सेटिंग बदलले नसल्यास १० दिवसांनंतर ती खूणही काढून टाकली जाऊ शकते, बंद सर्व्हरला नंतर कळवण्यासाठी इतरांनी राखलेले बदलांचे निरोप तर जेमतेम पहिल्या ३ तासांचे असतात. मालवणकडे जुनी नोंद राहिली, पुसल्याची खूण मात्र कोठेच उरली नाही. अशा वेळी घाईने ‘रिपेअर’ (सर्व प्रती एकसारख्या करणारी आज्ञा) चालवणे, जे बहुतेक जण करतात, घातकच, कारण मालवणची जुनी नोंद उरलेल्या दोघांवरही पसरते! मालवणचा डेटा रिकामा करून उरलेल्या दोघांकडून तो नव्याने भरून घ्यावा.